गुणवत्ता, वर्तन आणि निवड : अमेरिकन फुटबॉलमधील एक प्रकरण-अभ्यास

एखादा तरुण आपल्या क्षेत्रात असामान्य आहे, परंतु त्याच्या नावावर पोलीस ठाण्यात नोंद आहे, अथवा वसतिगृहातून त्याच्याविषयी तक्रारी आलेल्या आहेत. अशा तरुणाची निवड करावी किंवा करू नये, हा प्रश्न क्रीडा संघापुरता मर्यादित नाही. पोलीस भरती, सैन्यदल, सार्वजनिक उपक्रमांतील खेळाडूंची भरती, शिष्यवृत्त्या अशा सर्व ठिकाणी तो निवड समितीपुढे येतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका समाविष्ट झाली असून तीत प्रकरण-अभ्यासांना मोठे स्थान आहे. परीक्षार्थी अशा प्रश्नांना बहुधा दोन ठरावीक उत्तरे देतात. 'कायदा सर्वांना समान' हे एक आणि 'प्रत्येकास दुसरी संधी मिळाली पाहिजे' हे दुसरे. दोन्ही विधाने आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु प्रत्यक्ष निर्णय घेताना त्यांपैकी एकाचाही फारसा उपयोग होत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ व सार्वजनिक अनुभव ज्या व्यवस्थेच्या गाठीशी आहे, ती म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची निवड-फेरी. तेथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोलकाता, गोवा, केरळ वा मणिपूर येथे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरण्याचा तो अंगमेहनतीचा खेळ आहे. खेळाचे नियम येथे गौण आहेत. निवडीची पद्धत मात्र समजून घेतली पाहिजे.

निवड-फेरीची रचना

नॅशनल फुटबॉल लीग ही संघटना 1920 मध्ये स्थापन झाली. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या उत्तम खेळाडूंना श्रीमंत क्लब आपल्याकडे ओढून घेत आणि दुबळे क्लब दुबळेच राहत. फिलाडेल्फिया क्लबचे मालक बर्ट बेल यांनी सुचविलेल्या योजनेनुसार 1936 मध्ये पहिली निवड-फेरी झाली. मागील हंगामात सर्वांत तळाला राहिलेल्या क्लबला प्रथम निवडीचा हक्क आणि विजेत्याला शेवटचा, असा उलटा क्रम ठरविण्यात आला. मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या देशातील ही व्यवस्था एका अर्थी नियोजनाचीच आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. जाता जाता नमूद करण्याजोगी बाब अशी की, त्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जे बर्वँगर हा खेळाडू व्यावसायिक सामना कधीच खेळला नाही. निवडीतील अनिश्चितता ही अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

1994 पासून या निवडीच्या सात फेऱ्या होतात. तत्पूर्वी इंडियानापोलिस शहरात इच्छुक खेळाडूंची सामायिक चाचणी घेतली जाते. 40 यार्ड म्हणजे सुमारे 36.6 मीटर धावण्याचा वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजला जातो. उंच उडी, हाताच्या पंजाची लांबी, जुन्या दुखापती, सर्व काही नोंदले जाते. त्यानंतर क्लबचे प्रशिक्षक व व्यवस्थापक खेळाडूची काही मिनिटांची मुलाखत घेतात. शिवाय क्लबचे प्रतिनिधी त्याच्या गावी जाऊन शिक्षक, शेजारी व जुने प्रशिक्षक यांच्याकडे चौकशी करतात. शरीराचे मापन शतांशापर्यंत, आणि वर्तनाचे मापन मात्र काही मिनिटांची मुलाखत व ऐकीव माहिती यांच्या आधारे! जे सहज मोजता येते त्याला निर्णयात अधिक वजन मिळते, ही कोणत्याही निवड पद्धतीतील त्रुटी येथे ठळकपणे दिसते.

रँडी मॉसचे प्रकरण

रँडी मॉस याचा जन्म 1977 मधील फेब्रुवारीचा. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील रँड नावाच्या लहानशा वस्तीत तो वाढला. शालेय वयातच त्याचे नाव राज्याबाहेर पोहोचले आणि नॉत्र दाम या नामांकित विद्यापीठाशी त्याचा करार झाला. मार्च 1995 मध्ये शाळेत एक मारामारी झाली. एका विद्यार्थ्याने वंशद्वेषी उद्गार काढल्यावरून मॉस आपल्या मित्राच्या बाजूने तीत उतरला, असे त्या वेळी सांगण्यात आले. प्रतिपक्षाचा विद्यार्थी गंभीर जखमी झाला. मॉसने मारहाणीच्या दोन किरकोळ स्वरूपाच्या गुन्ह्यांची कबुली दिली व त्याला 30 दिवसांची कैद झाली. त्यापैकी 3 दिवस लगेच आणि उरलेले दिवस महाविद्यालयाचे पहिले वर्ष संपल्यावर भोगावयाचे होते. नॉत्र दामने प्रवेश नाकारला. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने त्याला घेतले. परंतु उर्वरित शिक्षा भोगत असताना 1996 मध्ये त्याने गांजा सेवन केल्याचे चाचणीत आढळले आणि तेथूनही त्याला काढून टाकण्यात आले. अखेरीस आपल्याच राज्यातील, तुलनेने दुय्यम श्रेणीत खेळणाऱ्या मार्शल विद्यापीठाने त्याला जवळ केले. 1996 मध्ये मार्शलने आपल्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. पुढील वर्षी ते वरच्या श्रेणीत गेले आणि देशातील सर्वोत्तम 'रिसीव्हर'चा, म्हणजे धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचा, बिलेटनिकॉफ पुरस्कार मॉसला मिळाला.

एप्रिल 1998 च्या निवड-फेरीत त्याच्या गुणवत्तेविषयी कोणासही शंका नव्हती. तरीही 20 खेळाडूंची नावे पुकारली गेल्यानंतर 21 व्या क्रमांकावर मिनेसोटा वायकिंग्ज या क्लबने त्याला निवडले. सिनसिनाटी क्लबने दोनदा त्याला वगळले. डॅलस काउबॉइजने आठव्या क्रमांकावर ग्रेग एलिस या बचावपटूला पसंती दिली. डॅलसचे स्वतःचेच काही खेळाडू त्याआधीच्या वर्षांत मैदानाबाहेरील प्रकरणांमुळे गाजलेले होते. त्यामुळे तो क्लब सावध झाला होता, हे समजण्यासारखे आहे.

पहिल्याच हंगामात मॉसने 69 झेल घेऊन 1,313 यार्ड कमावले आणि 17 'टचडाउन' केले. नवोदिताने एका हंगामात झेलून केलेल्या टचडाउनचा तो विक्रम ठरला. वायकिंग्जने साखळीतील 16 पैकी 15 सामने जिंकले. 26 नोव्हेंबर 1998 रोजी डॅलसच्या मैदानावर त्याने अवघे 3 झेल घेतले. त्या तिन्हींवर टचडाउन झाले आणि 163 यार्ड मिळाले. पुढे 2007 मध्ये न्यू इंग्लंडकडून एका हंगामात 23 टचडाउनचा विक्रम त्याने केला. 2018 मध्ये या खेळातील सर्वोच्च सन्मानितांच्या दालनात त्याचा समावेश झाला.

येथपर्यंतचा वृत्तांत वाचून 'नाकारणारे चुकले' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. ज्या ग्रेग एलिसला डॅलसने निवडले, तो त्या क्लबसाठी 11 हंगाम खेळला. म्हणजे ती निवड अगदीच वाया गेली नव्हती. दुसरे असे की, सप्टेंबर 2002 मध्ये मिनिॲपोलिस येथे वाहतूक नियंत्रण करणाऱ्या एका महिला कर्मचाऱ्यास मॉसने मोटारीने ढकलत नेल्याचे प्रकरण घडले आणि अखेर किरकोळ वाहतूक गुन्ह्याबद्दल त्याला दंड व समाजसेवेची शिक्षा झाली. मैदानावरील यशामुळे वर्तनाविषयीची शंका निराधार होती असे सिद्ध होत नाही. ती शंका आणि ते यश या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, आणि त्यांचे मूल्यमापनही निरनिराळेच व्हावयास हवे.

वायकिंग्जने केवळ धाडस केले असे म्हणणेही अपुरे ठरेल. त्या संघात क्रिस कार्टर हा ज्येष्ठ रिसीव्हर होता. मद्य व अमली पदार्थांच्या आहारी गेल्यामुळे फिलाडेल्फियाने त्याला 1990 मध्ये सोडून दिले होते; वायकिंग्जने अवघे 100 डॉलर शुल्क भरून त्याला घेतले आणि तेथे तो सावरला. नवागत मॉसला सांभाळण्याची जबाबदारी त्याने उचलली. म्हणजे ज्या क्लबने धोका पत्करला, त्याच्याजवळ तो धोका हाताळण्याची काहीएक व्यवस्था आणि पूर्वानुभव होता. तोच खेळाडू दुसऱ्या एखाद्या क्लबात गेला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. परंतु 'हा खेळाडू कसा आहे' या प्रश्नाला 'आम्ही त्याला कोठे व कोणाच्या सोबत ठेवणार आहोत' हा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही, एवढे यावरून निश्चित दिसते.

लॉरेन्स फिलिप्स : दुसरी बाजू

मॉसच्या दोन वर्षे आधीचे लॉरेन्स फिलिप्सचे प्रकरण याहून कठीण आहे. कॅलिफोर्नियात निराधार मुलांच्या संस्थेत वाढलेला हा मुलगा नेब्रास्का विद्यापीठाच्या बलाढ्य संघातील प्रमुख धावपटू होता. सप्टेंबर 1995 मध्ये त्याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीस मारहाण केली. ती त्याच विद्यापीठाची खेळाडू होती. प्रशिक्षक टॉम ऑसबॉर्न यांनी त्याला निलंबित केले. मात्र 6 सामन्यांनंतर त्याच हंगामात परत घेतले. या मुलाच्या आयुष्याला जी काही शिस्त आहे ती फुटबॉलमुळेच आहे, तीही काढून घेतली तर तो पूर्णतः भरकटेल, असा ऑसबॉर्न यांचा युक्तिवाद होता. जानेवारी 1996 मध्ये नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना जिंकला व त्यात फिलिप्स खेळला. ऑसबॉर्न पुढे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य झाले. परंतु या निर्णयावरील टीका त्यांच्या मागे राहिली.

हा युक्तिवाद केवळ ढोंगीपणाचा होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. निराधार मुलाच्या जीवनातील एकमेव आधार काढून घेण्याचे परिणाम विचारात घेणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्यच आहे. तथापि त्यात एक मोठी पोकळी होती. आधार देणे आणि सामन्यात खेळविणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. सराव, समुपदेशन, वसतिगृह, शिक्षण हे सर्व चालू ठेवूनही सामने रोखता आले असते. शिवाय त्या विद्यापीठाच्या जबाबदारीत एक नव्हे, दोन खेळाडू होते, आणि चर्चा मात्र बहुतांशी एकाच्याच भवितव्याची झाली. ज्याच्या संधीचा विचार चालला आहे तो डोळ्यांसमोर असतो. ज्याला इजा झाली तो बैठकीत नसतो. प्रकरण-अभ्यासाचे उत्तर लिहिताना हितसंबंधितांची यादी करण्यास सांगितले जाते, ती यासाठी.

एप्रिल 1996 मध्ये सेंट लुईस रॅम्सने फिलिप्सला सहाव्या क्रमांकावर निवडले आणि त्याच सुमारास आपला प्रस्थापित धावपटू जेरोम बेटिस याला पिट्सबर्ग क्लबला देऊन टाकले. म्हणजे ज्याच्याविषयी गंभीर शंका होती, त्याच्यासाठी पर्यायही शिल्लक ठेवला नाही. बेशिस्तीमुळे नोव्हेंबर 1997 मध्ये रॅम्सने फिलिप्सला काढून टाकले. पुढे हिंसक गुन्ह्यांसाठी त्याला दीर्घ मुदतीचा कारावास झाला आणि जानेवारी 2016 मध्ये कॅलिफोर्नियातील तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. बेटिस मात्र पिट्सबर्गकडून एक दशक खेळला, फेब्रुवारी 2006 मध्ये विजेत्या संघात होता आणि 2015 मध्ये सन्मानितांच्या दालनात गेला. रॅम्सनेही जानेवारी 2000 मध्ये विजेतेपद मिळविले; तेव्हा त्यांच्याकडे फिलिप्स नव्हता आणि बेटिसही नव्हता. निवडीचे बरेवाईटपण संघाच्या अंतिम यशापयशावरून ठरविणे किती फसवे असते, हे यावरून ध्यानात यावे.

मॉस आणि फिलिप्स या दोघांनाही त्या काळी 'चारित्र्याविषयी शंका' या एकाच शीर्षाखाली टाकले जात असे. वास्तविक, समवयस्कांतील मारामारी, अमली पदार्थाचे सेवन आणि स्त्रीवरील हिंसाचार यांचे स्वरूप, परिणाम व पुन्हा घडण्याची शक्यता यांत मोठे अंतर आहे. गांजा ओढणारा प्रामुख्याने स्वतःचे नुकसान करून घेतो. हिंसा करणारा दुसऱ्याचे. 2016 च्या निवड-फेरीत लॅरेमी टन्सिल याच्या बाबतीत हा फरक पुन्हा एकदा पुसला गेला. फेरी सुरू होण्यास काही मिनिटे उरली असताना त्याच्या ट्विटर खात्यात घुसखोरी करून कोणीतरी त्याची धूम्रपानाची चित्रफीत प्रसृत केली. पहिल्या काही निवडींत गणला जाणारा हा खेळाडू तेराव्या क्रमांकापर्यंत घसरला व मायामीकडे गेला. पुढे तो आपल्या जागेवरील आघाडीच्या खेळाडूंत गणला गेला. माहिती नवी होती म्हणून ती महत्त्वाची वाटली, हा घाईतील निर्णयाचा नेहमीचा दोष होय.

दोन प्रकारच्या चुका

निवड करताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. योग्य व्यक्तीस नाकारणे ही एक आणि अयोग्य व्यक्तीस स्वीकारणे ही दुसरी. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही विभागणी परिचित आहे. एक चूक कमी करावयास जावे तर दुसरी वाढते. दोन्हींची किंमत सारखी नसते आणि ती कोण मोजतो हेही सारखे नसते. क्लबने फिलिप्ससारखा खेळाडू निवडला तर नुकसान क्लबचे होतेच, पण त्या शहरातील त्याच्या सहवासात येणाऱ्या व्यक्तींनाही धोका संभवतो. मॉससारखा नाकारला तर नुकसान मुख्यतः त्या खेळाडूचे व संघाचे.

यात आणखी एक गुंता आहे. मॉसला नाकारणारे चुकले हे आपल्याला कळले, कारण कोणीतरी त्याला संधी दिली. ज्यांना कोणीच संधी दिली नाही, त्यांच्यापैकी किती जण यशस्वी झाले असते याची नोंद कोठेही नाही. म्हणून 'आमची कठोर चाळणी यशस्वी ठरली' हा कोणत्याही संस्थेचा दावा तपासून घ्यावा लागतो.

उलट बाजूने, नोंद स्वच्छ असणे म्हणजे हमी नव्हे. 1998 च्याच फेरीत पहिल्या क्रमांकावर पेटन मॅनिंग आणि दुसऱ्यावर रायन लीफ निवडला गेला. लीफला मिळविण्यासाठी सॅन डिएगो क्लबने आपला तिसरा क्रमांक, पुढील वर्षीचा पहिल्या फेरीतील हक्क आणि आणखी बरेच काही ॲरिझोनाला दिले. तीन हंगामांत तो क्लबच्या दृष्टीने पूर्ण अपयशी ठरला. सहकारी व पत्रकार यांच्याशी त्याचे खटके उडत राहिले. पुढे वेदनाशामक औषधांच्या व्यसनापायी 2012 मध्ये तो तुरुंगातही गेला. त्यानंतर व्यसनमुक्तीच्या कार्यात तो उघडपणे सहभागी झाला. ज्याच्या नावावर मोठे प्रश्नचिन्ह होते तो एकविसावा आणि ज्याच्यावर कोट्यवधी डॉलर लावले गेले तो दुसरा. दोघांचेही भाकीत चुकले.

चुकीची किंमत नियमांनी बदलता येते, हेही लक्षात घ्यावे. त्या काळी नवोदितांचे करार मोठ्या अग्रिम रकमेचे असत. 2011 मधील सामूहिक करारानंतर नवोदितांच्या वेतनास क्रमांकानुसार मर्यादा आली. एका चुकीच्या निवडीने क्लब खोलात जाण्याचे भय त्यामुळे कमी झाले. दुसरा बदल 2014 मधील. रे राइस या खेळाडूने आपल्या भावी पत्नीस मारहाण केल्याच्या प्रकरणी लीगने प्रथम केवळ 2 सामन्यांची बंदी घातली. मारहाणीची चित्रफीत बाहेर आल्यावर जनक्षोभ उसळला. त्या वर्षी लीगने कौटुंबिक व लैंगिक हिंसेच्या पहिल्या प्रकरणासाठी 6 सामन्यांच्या विनावेतन निलंबनाचा पायाभूत दंड जाहीर केला. 2016 पासून अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या खेळाडूंना इंडियानापोलिस येथील चाचणीचे निमंत्रण न देण्याचे धोरण आले. मात्र त्यांना निवडण्यास क्लबना मनाई झाली नाही. प्रत्येक क्लबने स्वतंत्रपणे कणव किंवा कठोरता दाखवावी यापेक्षा किमान मर्यादा सर्वांसाठी एकच असावी, हा या बदलांमागील विचार योग्य दिशेचा आहे.

भारतीय कायद्याची चौकट

आपल्याकडे व्यावसायिक क्लबपेक्षा शासनाचा सहभाग मोठा आहे. 'खेलो इंडिया' योजनेच्या सप्टेंबर 2017 मधील फेररचनेत दरवर्षी 1,000 खेळाडूंची निवड करून प्रत्येकास वर्षाला 5 लाख रुपयांप्रमाणे 8 वर्षे साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. रेल्वे, पोलीस, सैन्यदले व सार्वजनिक उपक्रम खेळाडूंना नोकऱ्या देतात. सार्वजनिक निधी व सार्वजनिक पद असल्याने येथे निवड समितीला मनास येईल तसे वागता येत नाही. कारणे द्यावी लागतात आणि ती न्यायालयात टिकावी लागतात.

पहिला प्रश्न वयाचा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 याच्या कलम 3 मध्ये 'नव्याने आरंभ' हे मूलतत्त्व म्हणून नमूद आहे. कलम 24 नुसार अठरा वर्षांखालील बालकास या कायद्यान्वये झालेल्या निर्णयामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. सोळा वर्षे पूर्ण केलेले व बाल न्यायालयाने कलम 19 अन्वये दोषी ठरविलेले बालक हा त्याला अपवाद. कलम 74 तर याहून पुढे जाते. प्रकरण बंद वा निकाली झालेले असल्यास चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करावयाची नाही. सबब पंधरा वर्षांच्या मुलाची जुनी भानगड शोधून काढून तिच्या आधारे त्याला वगळणारी समिती केवळ कठोर नव्हे, तर कायद्याच्या उद्देशाविरुद्ध वागणारी ठरते.

मॉसची मारामारी झाली तेव्हा त्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम काही आठवडे लोटले होते. म्हणजे आपल्याकडे बाल न्याय कायद्याचे संरक्षण त्याला मिळाले नसते. परंतु अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 याच्या कलम 6 अन्वये, आजीव कारावासाची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील अपराध्यास तुरुंगात पाठविण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घेणे आणि कारावासच का हवा याची कारणे नोंदविणे न्यायालयावर बंधनकारक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 12 नुसार, परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

दुसरा प्रश्न माहिती लपविण्याचा. दिल्ली पोलीस दलातील भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली (पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार) उमेदवाराने सुमारे वीस वर्षांच्या वयात घडलेल्या व समझोत्याने मिटलेल्या प्रकरणाकडे क्षमाशील दृष्टीने पाहिले. तरुणपणीच्या अविचारासाठी माणसावर आयुष्यभराचा शिक्का मारू नये, असा त्या निकालाचा आशय होता. निरनिराळ्या पीठांच्या निकालांत मतभिन्नता राहिल्याने पुढे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (2016) या प्रकरणी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तत्त्वे निश्चित केली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. प्रकरण क्षुल्लक असेल, जसे की तरुण वयात घोषणा देणे, तर लपविल्याबद्दलही नियोक्ता क्षमा करू शकतो. क्षुल्लक नसलेल्या गुन्ह्यात दोषसिद्धी असेल तर नियुक्ती रद्द करता येते. आणि सत्य सांगितले असले तरी पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो. 2021 मध्ये राजस्थानच्या वीज प्रसारण निगमासंबंधीच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक बाजू स्पष्ट केली. उमेदवारास नंतर कलम 12 चा लाभ मिळाला होता. तरीही भरतीच्या वेळी त्याने खोटे निवेदन केले होते, आणि प्रश्न गुन्ह्याच्या लहानमोठेपणाचा नसून विश्वासार्हतेचा आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालांतून परीक्षार्थींनी एक भेद पक्का ध्यानी धरावा. घडलेले कृत्य आणि त्याविषयी बोललेले असत्य हे दोन स्वतंत्र मुद्दे असून, अनेकदा दुसरा मुद्दाच अधिक भारी ठरतो. खेळाडूच्या बाबतीतही मुलाखतीत त्याला 'तू असे का केलेस' असे विचारण्यापेक्षा 'काय घडले ते क्रमाने सांग' असे विचारून ते नोंदींशी ताडून पाहणे अधिक उपयुक्त असते.

तिसरा मुद्दा सहवासातील इतरांचा. आपल्या क्रीडा प्रबोधिन्यांत लहान मुले-मुली निवासी असतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 अन्वये अशा अपराधाची माहिती असूनही ती न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा 'मुलगा गुणी आहे, आपण आपल्यातच मिटवू' हा मार्ग कायद्याने बंद केलेला आहे. येथे दुसऱ्या संधीचा विचार होऊ शकतो, परंतु तो तक्रारीची रीतसर दखल घेतल्यानंतर. तिच्या ऐवजी नव्हे.

एक गोष्ट मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येते. गरीब वस्तीतील, वसतिगृहातील वा भटक्या जमातीतील मुलाचे भांडण पोलीस ठाण्यात नोंदले जाते. सुस्थित घरातील मुलाचे तेच भांडण पालकांच्या भेटीगाठींत मिटते. नोंदवही हा वर्तनाचा आरसा असला तरी तो सर्वांवर सारखा धरलेला नसतो. यावर उपाय नोंदीकडे दुर्लक्ष करणे हा नव्हे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारणे, केवळ ऐकीव माहितीवर विसंबून न राहणे आणि उमेदवारास आपले म्हणणे मांडू देणे या नैसर्गिक न्यायाच्या साध्या पायऱ्या पाळल्या तरी पुष्कळ अन्याय टळतो.

निर्णय 'होय' किंवा 'नाही' असाच असावा लागतो, असेही नाही. ठरावीक कालावधीसाठी सशर्त निवड, साहाय्याचे हप्ते वर्तनाच्या आढाव्याशी जोडणे, मार्गदर्शक म्हणून एका ज्येष्ठ खेळाडूची नेमणूक, हिंसेच्या प्रकरणात समुपदेशन पूर्ण होईपर्यंत स्पर्धेतून दूर ठेवणे, असे मधले मार्ग उपलब्ध असतात. अटी घालावयाच्या तर त्या लेखी असाव्यात, त्यांचा आढावा कोण घेणार हे आधी ठरलेले असावे, आणि अट मोडल्यास काय होईल हे खेळाडूस त्याच्या भाषेत समजावून सांगितलेले असावे. महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी अट मोडली गेली तर समिती ती अमलात आणील काय, याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे असेल, तर ती अट घालण्यात अर्थ नाही.

सरावासाठी पुढील प्रकरण घ्यावे. आपण एका राज्याच्या फुटबॉल निवड समितीचे सचिव आहात. एकोणीस वर्षांचा एक आदिवासी खेळाडू या वर्षीचा निर्विवाद सर्वोत्तम आघाडीपटू आहे. दोन वर्षांपूर्वी वसतिगृहातील मारामारीबद्दल त्याच्याविरुद्ध प्रकरण नोंदले गेले व बाल न्याय मंडळापुढे ते निकाली निघाले. गेल्या महिन्यात एका कनिष्ठ खेळाडूने त्याने धमकावल्याची तोंडी तक्रार केली. लेखी देण्यास तो तयार नाही. प्रशिक्षक तक्रार 'खेळीमेळीतील' समजतात. संघाची यादी चार दिवसांत जाहीर करावयाची आहे. या प्रकरणातील कोणती माहिती आपण कायद्याने विचारात घेऊ शकता, कोणती नाही, तोंडी तक्रारीबाबत चार दिवसांत काय करणे शक्य व आवश्यक आहे, आणि खेळाडूस संघात घेतल्यास अथवा न घेतल्यास आपण टिपणीत कोणती कारणे नोंदवाल, हे 250 शब्दांत लिहा.